गोमाच्या वाटेवरचे नाके

(वाचकांचे प्रश्न)

पूर्व कांगोतील गोमा शहराविषयी गेल्या अंकात आलेल्या टिपणावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. न्यिरागोंगो ज्वालामुखीविषयीच्या पत्रांचा विचार पुढे करू.

प्रश्न : बातम्यांत कधी ‘बंडखोर’, कधी ‘मिलिशिया’, तर कधी ‘देशभक्त’ असे शब्द येतात. तेथे नेमके कोण कोणाविरुद्ध लढत आहे? आणि गावकरी कोणत्या तरी एका बाजूचा आसरा घेऊन सुरक्षित का होत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, कळवा

उत्तर : सर, पहिल्या भागासाठी १९९४ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली आणि त्यांत बहुतांश तुत्सी समाजाचे होते. सत्ता बदलल्यावर या संहारात हात असलेले सैनिक आणि हुतू समाजातले टोळीवाले लाखो निर्वासितांच्या लोंढ्यात मिसळून सीमेपलीकडे, म्हणजे तेव्हाच्या झैरमध्ये (आजच्या कांगोत) शिरले. त्यांच्यातूनच पुढे एफडीएलआर ही संघटना उभी राहिली. तिचा बंदोबस्त करायचा, हे कारण पुढे करून रवांडाने १९९६ पासून पूर्व कांगोत जो हात घातला, तो आजही पुरता बाहेर काढलेला नाही.

आज गोमा ज्यांच्या ताब्यात आहे, त्या एम२३ या बंडखोर संघटनेचे नाव २३ मार्च २००९ रोजी कांगो सरकारशी झालेल्या करारावरून पडले. हा करार सरकारने पाळला नाही, असे म्हणत २०१२ मध्ये काही सैनिकांनी बंड केले, त्याच नोव्हेंबरात गोमा घेतले, दहा-बारा दिवसांत ते सोडले आणि पुढच्या वर्षी ते पराभूत झाले. २०२१ च्या अखेरीस ही संघटना पुन्हा उभी राहिली, जानेवारी २०२५ मध्ये तिने गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू ताब्यात घेतले. रवांडाचे सैनिक तिच्या बरोबरीने लढतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी आपल्या अहवालांत वारंवार नोंदवले आहे. रवांडा ते नाकारतो. उत्तरेकडे बेनी शहराच्या आसपास एडीएफ ही सशस्त्र संघटना आहे, जी मूळची युगांडातली आणि आता इस्लामिक स्टेटशी जोडलेली आहे. इतुरी प्रांतात लेंडू समाजातून आलेला कोडेको हा गट आहे. सरकारच्या बाजूने लढणाऱ्या स्थानिक गटांना ‘वाझालेंडो’ म्हणतात, आणि स्वाहिलीतल्या या शब्दाचा अर्थ देशभक्त असा आहे. त्यांतले बरेच जण कालपर्यंत मायी-मायी म्हणून ओळखले जात. मायी म्हणजे पाणी. मंतरलेले पाणी अंगावर शिंपडले की गोळी लागत नाही, या समजुतीवरून ते नाव पडले. गावाच्या राखणीसाठी उभे राहिलेले हे गट पुढे गावावरच जगू लागले, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची मेख तेथे आहे. आपल्या इतिहासातल्या पेंढाऱ्यांची आठवण येईल. पण पेंढारी परमुलखात लूट करीत, येथे लूट करणारा पुष्कळदा शेजारच्याच गावचा असतो.

आता आसऱ्याविषयी. मुलुंडच्या जकात नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा ठाणेकर विसरलेले नाहीत. तेथे कितीही खोळंबा झाला, तरी एकदा पैसे भरले की पावती मिळे आणि ती पुढे दाखवता येई. गोमा आणि बुकावू ज्यांत येतात, त्या उत्तर व दक्षिण किवू प्रांतांतल्या रस्त्यांवर असे शेकडो नाके आहेत. आडव्या टाकलेल्या बांबूपाशी किंवा दोरीपाशी बंदूकधारी उभे असतात आणि केळीचे घड बाजाराला नेणाऱ्या बाईपासून खनिजाची पोती लादलेल्या मोटारसायकलपर्यंत सर्वांकडून वसुली होते. काही गट घरटी रक्कम घेऊन चकती किंवा चिठ्ठी देतात. काही भागांत या वसुलीला ‘लाला सालामा’, म्हणजे ‘सुखाने झोपा’, असेच नाव आहे. गोम अशी आहे की एका गटाची चिठ्ठी दुसऱ्या गटाच्या नाक्यावर पावती म्हणून चालत नाही, उलट ती फितुरीचा पुरावा ठरू शकते. महिनाभराने गाव दुसऱ्या गटाच्या हाती गेले, की आधीच्या गटाला धान्य कोणी दिले, ओझी कोणी वाहिली, वाट कोणी दाखवली, याची झडती सुरू होते. धान्य नाकारण्याची सोय गावकऱ्याला त्या दिवशी नव्हती, हे झडती घेणाऱ्यालाही ठाऊक असते. एम२३ च्या ताब्यातल्या भागात आठवड्यातून ठरावीक दिवशी ‘सालोंगो’ नावाची बिनमोबदल्याची सामूहिक कामे करावी लागतात; जुन्या मराठीत ज्याला वेठ म्हणतात, तीच ही. तेव्हा ‘एक बाजू धरा’ हा सल्ला तेथे निरुपयोगी आहे, कारण बाजू बदलतात आणि शेत मात्र जागचे हलत नाही.

शेत सोडून जावे, तर छावणीतही निभाव लागत नाही. २०२३ मध्ये गोमाभोवतीच्या छावण्यांत राहणाऱ्या बायका सरपणासाठी विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला जात, तेव्हा त्यांच्यावर बलात्कार होत आणि उपचारासाठी रोज नव्या स्त्रिया येत, हे तेथे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर केले होते. घरात चूल पेटायची तर कोणी तरी रानात जाणे भाग होते. पुरुष गेला तर मारला जाण्याची भीती अधिक, म्हणून बाई जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये एम२३ ने याच छावण्यांतल्या लोकांना ७२ तासांत निघून जाण्यास सांगितले. ज्या गावांकडे ते परतले, तेथली घरे आणि शेते कोणत्या स्थितीत आहेत, याची चौकशी आधी कोणीही केलेली नव्हती.

प्रश्न : माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. बॅटरीतल्या कोबाल्टसाठी हे युद्ध चालू आहे, असे एका व्हिडिओत ऐकले. हे खरे आहे का?
— एक दुकानदार, कोपरखैरणे

उत्तर : नाही, व्हिडिओत दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते. जगातला बहुतांश कोबाल्ट कांगोतून येतो, परंतु त्या खाणी देशाच्या दक्षिणेला, कोल्वेझीच्या परिसरात आहेत, आणि किवूतली लढाई तेथून फार दूर चालू आहे. तेथल्या खाणमजुरांचे हाल खरे आहेत, पण तो वेगळा विषय आहे. या युद्धाशी ज्याचा संबंध आहे, ते कोल्टन. त्यातून टँटलम हा धातू मिळतो आणि आपण रोज हाताळता त्या बोर्डांवरच्या काही चिमुकल्या कपॅसिटरांत तो असतो. उत्तर किवूतल्या रुबाया येथील कोल्टनच्या खाणी एप्रिल २०२४ मध्ये एम२३ च्या ताब्यात गेल्या आणि तेथल्या उत्पादनावर व व्यापारावर बसवलेल्या करांतून तिला महिन्याला सुमारे आठ लाख डॉलर मिळतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज होता.

तरीही ‘खनिजांसाठी युद्ध’ हे वाक्य मला अपुरे वाटते. ज्यांच्याकडे एकही खाण नाही असे गट लोणारी कोळसा, गुरे, लाकूड आणि वर सांगितलेले नाके यांवर वर्षानुवर्षे टिकून आहेत. जमीन कोणाची, गावचा मुखिया कोण आणि कांगोचा नागरिक कोणाला म्हणायचे, हे तंटे कोल्टनचे भाव वाढण्याच्या पुष्कळ आधीचे आहेत. खाणीच्या पैशाने ते तंटे पेटते राहतात.

प्रश्न : माझा भाऊ सैन्यात आहे. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना इतकी वर्षे तेथे असून हिंसा का थांबत नाही? आणि तेथल्या लोकांनीच आपल्या जवानांना का मारले?
— एक वाचक भगिनी, खारघर

उत्तर : ताई, भारतीय तुकड्या उत्तर किवूत दीर्घकाळ आहेत आणि गोमातले भारतीय लष्करी रुग्णालय तेथे परिचित आहे. संयुक्त राष्ट्रांची मोहीम १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०१० पासून ती मोनुस्को या नावाने चालते. नागरिकांचे संरक्षण हे तिचे पहिले काम आहे. परंतु आपला ठाणे जिल्हा जसा दोन तासांत ओलांडता येतो, तसे तेथे होत नाही. डोंगर, दाट रान आणि पावसात वाहून जाणारे रस्ते यांमुळे तळापासून थोड्या अंतरावरच्या गावात रात्री हल्ला झाला, तरी सैनिक सकाळीच पोहोचतात. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने स्वतःहून हल्ला चढवल्याचे उदाहरणही आहे. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांच्या सैनिकांची खास ब्रिगेड नेमली गेली आणि कांगोच्या सैन्यासोबत तिने एम२३ ला हरवले. मात्र मोकळ्या झालेल्या मुलखात पगार मिळणारे पोलीस, न्यायालय आणि तलाठ्यासारखा जमिनीची नोंद ठेवणारा माणूस पोहोचला नाही, आणि हे काम शांतिसेनेचे नव्हते.

जवानांविषयी आपण विचारले आहे, तो प्रसंग २६ जुलै २०२२ चा, बुटेम्बो येथला. शांतिसेनेविरुद्धच्या हिंसक निदर्शनांत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान आणि मोरोक्कोचा एक सैनिक मारले गेले. ‘तुम्ही वीस वर्षे येथे आहात आणि आमची माणसे मरतच आहेत’ असा लोकांचा रोष होता. त्या रोषाचे कारण समजते. त्या हत्यांचे समर्थन होत नाही. ज्यांच्यावर तो रोष निघाला, त्यांनी आदेश ठरवलेले नव्हते.

प्रश्न : कांगो आणि रवांडा यांच्यात अमेरिकेच्या मध्यस्थीने करार झाला ना? मग हा विषय संपला असे परीक्षेत लिहावे का?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : तसे लिहू नये. २७ जून २०२५ च्या वॉशिंग्टन करारावर दोन देशांनी सह्या केल्या. एम२३ त्यात पक्ष नव्हती आणि तिच्याशी बोलणी दोहा येथे वेगळी चालू होती. डिसेंबरात दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी वॉशिंग्टनला जाऊन त्या करारावर पुन्हा शिक्कामोर्तब केले आणि त्याच पंधरवड्यात एम२३ पूर्व कांगोतल्या उव्हिरा शहरात शिरली. एडीएफ तर या दोन्ही बोलण्यांच्या बाहेर आहे. पहिल्या सह्यांना बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, २७ जुलै २०२५ च्या पहाटेपूर्वी, तिच्या माणसांनी इतुरीतल्या कोमांडा येथे चर्चमध्ये रात्रीच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या ३० हून अधिक लोकांना ठार केले. उत्तरपत्रिकेत कराराची तारीख लिहिली, तर तिच्याखाली ही तारीखही लिहा.