बेडक्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी पाच वर्षांच्या मुलीला टीबी असू शकतो का?

हो, असू शकतो. मुलीला तीन आठवडे खोकला असेल आणि वजन उतरलेलं असेल, तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर तपास थांबवू नका.

एवढी लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. शिवाय त्यांच्या बेडक्यात जंतू कमीच असतात. म्हणून पहाटे, पोरगी उपाशीपोटी असतानाच, नाकातून बारीक नळी घालून पोटातला द्रव काढतात आणि तो सीबीनॅटवर, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर, तपासतात. बघताना आईबापाचा जीव कासावीस होतो, पण काम मिनिटांचं असतं. हाही निगेटिव्ह आला तरी टीबी नाहीच असं ठरत नाही. मग डॉक्टर छातीचा एक्स-रे, मांटू (हातावर टोचून करायची टीबीची चाचणी) आणि लक्षणं एकत्र बघून ठरवतात.

मांटू टोचल्यापासून ४८ ते ७२ तासांत दाखवायलाच हवी. लाली नाही, हाताला लागणारा फुगवटा मोजतात; १० मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. त्यातून फक्त संसर्ग कळतो, आजार नव्हे.

आणि घरात, शेजारी कुणाला टीबी आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लोक हेच लपवतात! कोल्हापुरात आहात तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा. सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं मोफत मिळतात.