दिवाळीची मुदत कुणी घातली?

नमस्कार दादा,

तासगावहून तुम्ही लिहिलंय की मुलीनं बॉटनीत एमएस्सी केलं, ६४ टक्के आहेत, तिला रिसर्च करायचाय, तर पुणे विद्यापीठातच फेलोशिप बघून द्या, आणि दिवाळीपर्यंत नाही जमलं तर स्थळं बघायला लागणार. मार्कांचं मला काहीच वाटलं नाही, फेलोशिपसाठी जी नेट परीक्षा द्यावी लागते तिला ५५ टक्के लागतात. मला खटकली ती दिवाळी. सायन्सवाल्यांची ती सीएसआयआर नेट वर्षातून दोनदा, मग निकाल, मग पीएचडीचा इंटरव्ह्यू, गाईड मिळणं, ह्यात चांगल्या चांगल्या पोरांचं वर्ष जातंय. एवढी कमी मुदत दिल्यावर तिला वाटणारच की घरच्यांचं आधीच ठरलंय, आणि हे डोक्यात घेऊन ती अभ्यासाला कशी बसणार?

दुसरं म्हणजे तुम्ही जोडलेला तो मेल. तुमच्या आयडीवरून, 'माय डॉटर इज व्हेरी हार्डवर्किंग', एकच मजकूर चाळीस प्राध्यापकांना, सगळे सीसीत. कुणाचं उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही लिहिलंय की वशिला लागतो. नाही ओ दादा, असा मेल कुणीही बाजूलाच टाकणार. ज्यांना तिच्याबरोबर चार-पाच वर्षं काम करायचंय त्यांना तिचं स्वतःचं एक वाक्य तरी वाचायला मिळायला हवं की नको?

आणि एक गैरसमज काढून टाका, मोठ्या विद्यापीठात अर्ज केला की विद्यापीठ फेलोशिप देतं असं नसतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर ती तिच्या नावावर असते, महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००, आणि ती घेऊन ती गाईड मिळेल तिथं जाऊ शकते. म्हणजे 'अजून पाच वर्षं आमचाच खर्च' हे तुमचं गणितही चुकलंय. प्रोजेक्टमधल्या जागेचं वेगळं, तो पैसा त्या प्राध्यापकाच्या प्रोजेक्टला आलेला असतो, जाहिरात वेबसाईटवर लागते, बऱ्याचदा थेट इंटरव्ह्यू असतो आणि प्रोजेक्ट संपला की जागाही संपते. पीएचडीला नाव लागल्यावर सारथी, बार्टी, महाज्योती ह्या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघा. म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी माणूस शोधायचा, तिच्या विषयावर काम करणारा.

आणि तिचा विषय तर तुम्ही एका ओळीत उरकलाय! द्राक्षावरच्या भुरीवर, म्हणजे बुरशीच्या रोगावर, तिनं प्रोजेक्ट केला, बागेतली पानं आणून मायक्रोस्कोपखाली बघितली. अहो, पुण्यातच आघारकर संस्थेत बुरशीच्या कल्चरचा, म्हणजे वाढवून जपलेल्या नमुन्यांचा, राष्ट्रीय संग्रह आहे, एआरआय-५१६ ही द्राक्षाची जात तिथलीच, आणि तिथं राहून पीएचडी पुणे विद्यापीठाची करता येते. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठालाही तुम्ही उगीच फुली मारलीय.

तेव्हा दिवाळीचं तेवढं मागं घ्या, आणि ते तिला तोंडानं सांगा. पुढचं पत्र तिचंच येऊ द्या, तिच्या आयडीवरून, भुरीचा रिपोर्ट जोडून. कुणाला काय लिहायचं ते मी तिच्याशीच बोलतो.