जुना लेख छापायचा, तर परवानगी कोणाची?

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघत आहे. १९६८ सालच्या एका दिवाळी अंकातील दशावतारावरचा लेख आणि त्यासोबतचे छायाचित्र आम्हांला तीत घ्यावयाचे आहे. लेखक प्राथमिक शिक्षक होते व १९८१ मध्ये निवर्तले. त्यांच्या घराला कुलूप असून मुले मुंबईकडे असतात. तो दिवाळी अंक केव्हाच बंद पडला, मात्र त्याची प्रत वाचनालयाच्या मालकीची आहे. ‘साभार’ असे लिहून लेख छापला तर चालेल काय?
— कार्यवाह, ग्रामीण वाचनालय

उत्तर : चालणार नाही. ‘साभार’ लिहिणे हा शिष्टाचार झाला, ती परवानगी नव्हे. आणि अंकाची प्रत आपल्या कपाटात असली, तरी मजकुरावरील हक्क तिच्याबरोबर आपल्याकडे आलेला नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. आरती प्रभू १९७६ मध्ये गेले, त्यांच्या बाबतीत तो दिवस २०३६ संपल्यावर उजाडेल. आपल्या गुरुजींच्या लेखावरील हक्क २०४१ अखेरपर्यंत आहे.

अंक बंद पडला म्हणून हक्कही संपला, असे होत नाही. लेखकाने स्वाक्षरीनिशी लेखी हस्तांतर केले नसेल, तर केवळ मानधन घेतल्याने लेखाची मालकी संपादकाकडे जात नाही. ती लेखकाकडे आणि त्याच्यामागे, मृत्युपत्रात वेगळी तजवीज नसल्यास, वारसांकडे राहते. गुरुजींच्या जमिनीचा सातबारा व वारसनोंदीचा फेरफार पाहिल्यास मुलांची नावे सहसा कळतात. (आपल्याकडच्या सातबाऱ्यावर चुलत घराण्यांचीही नावे दाटीने असतात, त्या सर्वांचा लेखावर हक्क आहे, असे समजू नये.) पत्ता मात्र कागदावर मिळत नाही. तो भावकीत विचारावा, किंवा चाकरमानी गणपतीला गावी येतील तेव्हा प्रत्यक्षच भेटावे.

तोंडी होकारावर थांबू नये. कोणता लेख, कोठे, किती प्रतींत, विनामूल्य की किमतीस आणि एकदाच छापणार काय, हे पत्रात लिहावे. स्मरणिकेची पीडीएफ गावच्या व्हॉट्सॲप गटावर जाणारच असेल, तर तेही आताच लिहावे, कारण छपाईपुरती दिलेली परवानगी तिला आपोआप लागू होत नाही. वारस अनेक असल्यास सर्वांच्या सह्या घ्याव्यात, अथवा एकाला इतरांनी अधिकारपत्र द्यावे. ‘पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आपली संमती गृहीत धरू’ अशी ओळ काही संस्था पत्रात घालतात. तिला काही अर्थ नाही.

छायाचित्राचे प्रकरण निराळे आहे. लेखाच्या वारसांची परवानगी त्याला पुरत नाही. ते कोणी मोबदला देऊन काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क काढवून घेणाऱ्याचा, अन्यथा साधारणपणे छायाचित्रकाराचा. स्टुडिओ बंद, अंक बंद, छायाचित्रकाराचे नावही छापलेले नाही, अशा स्थितीत माझे मत विचाराल तर ते छायाचित्र सोडून द्यावे आणि यंदाच्या जत्रेत एखाद्या दशावतारी मंडळाच्या संमतीने नवे काढून घ्यावे.

वारस सापडलेच नाहीत, तर कलम ३१क खाली वाणिज्यिक न्यायालयाकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी आपला प्रस्ताव देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रसिद्ध करावा लागतो आणि न्यायालय ठरवील ते स्वामित्वधन भरावे लागते. ग्रंथ पुन्हा काढणाऱ्या प्रकाशकाला हा मार्ग परवडेल. गावच्या स्मरणिकेला जाहिरातीचा खर्चच झेपणार नाही. त्यापेक्षा एखाद्या जाणकाराकडून त्या लेखावर समीक्षात्मक टिपण लिहून घ्यावे आणि त्यात लेखकाच्या नावासह मोजकी अवतरणे द्यावीत. समीक्षेसाठी असा वाजवी वापर करण्यास कलम ५२ परवानगी देते. मात्र अवतरणांच्या नावाखाली अर्धा लेख उतरवून घेतल्यास ते कलम आपल्या उपयोगी पडणार नाही.