‘एनसी घेतो’ म्हणाले तर?

पाठलाग आणि छळाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार आज घेते आहे. नावं-गावं वगळली आहेत.

प्रश्न : क्लासमधला एक मुलगा आठ महिने मेसेज करतोय. ब्लॉक केला की नवा नंबर. बसस्टॉपवर येऊन नुसता उभा राहतो. मी ‘नको, घरचे ओरडतील’ असं म्हटलं होतं. चौकीत म्हणाले, ‘हात तर लावला नाही ना? एनसी घेतो.’ बाबा म्हणतात, नंबर बदल.

उत्तर : नंबर आत्ताच बदलू नका, पुरावा त्याच सिमवर येतोय. हात लावला तर विनयभंग. पाठलाग हा वेगळा गुन्हा आहे. २०१३ मध्ये तो दंड संहितेत आला, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. बाईने नको म्हटल्यावरही पुरुष वारंवार मागे येत असेल, संपर्क करत असेल, तर तो लागतो. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात. एनसी ही नुसती नोंद असते, तीही अदखलपात्र गुन्ह्यासाठी. म्हणून एफआयआरच मागा. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर होते, तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते आणि प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली, तर पोलिस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

तुमचं ‘घरचे ओरडतील’ मात्र मला खटकतं. त्याचा वकील कोर्टात म्हणेल, तिची स्वतःची ना नव्हतीच. एकदाच लिहून पाठवा : ‘मला तुझ्याशी संपर्क ठेवायचा नाही. फोन, मेसेज करू नकोस, मागे येऊ नकोस.’ त्यानंतर एक अक्षरही नाही, शिवीसुद्धा नाही. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसायला हवी. तुम्ही तो ‘उचलू नको’ म्हणून सेव्ह केला असेल, तर नुसतं तेवढंच दिसतं. मूळ मेसेज पुसू नका, फोन विकू नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिल्या वेळी शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, पण गुन्हा जामीनपात्र. तो त्याच संध्याकाळी स्टॉपवर दिसू शकतो. म्हणून अर्जातच लिहा की त्याच्यावर चॅप्टर केस (पुढचा त्रास टाळण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) करून शांतता राखण्याचा बाँड घ्यावा. पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तेव्हा गुन्हा अजामीनपात्र.

प्रश्न : नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोटाचा दावा चालू आहे. मी बहिणीला लिहिलेलं त्याला शब्दन् शब्द कळतं. वकिलाची फी परवडत नाही.

उत्तर : व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. बहुतेक तिथे एखादा लॅपटॉप दिसेल, जो तुमचा नाही. लगेच लॉगआउट करू नका, आधी दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढा. बाईच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणंही कलम ७८ मध्येच येतं, आणि इथे ‘नको’ म्हटलं होतं का हा प्रश्नच नाही. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागता येतो : फोन नाही, मेसेज नाही, ऑफिसात येणं नाही. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. फीचं म्हणाल, तर बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर तिला रात्री अश्लील मेसेज करतो. मुख्याध्यापक म्हणतात, आपसात मिटवू, नाहीतर मुलीचंच नाव खराब होईल.

उत्तर : ताई, मिटवण्याचा अधिकार त्यांना नाहीच. लैंगिक हेतूने अल्पवयीन मुलाशी किंवा मुलीशी वारंवार संपर्क करणं पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) गुन्हा आहे आणि कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा. संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. हे त्यांना लेखी कळवा, सूर बदलतो की नाही पाहा. मुलीचा जबाब घरी घेता येतो, अधिकारी वर्दीत नसतो आणि तिचं नाव माध्यमांत छापायला बंदी आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : मी पुरुष आहे. जुनी मैत्रीण ऑफिसबाहेर येते, ‘बघून घेईन’ म्हणते. कलम ७८?

उत्तर : नाही. त्या कलमात पीडित फक्त स्त्री आहे. मला ते पटत नाही, पण कायदा आज असा आहे. धमकीसाठी कलम ३५१ आहे. साध्या धमकीला मात्र बहुधा एनसीच होते. तीही करा, दर वेळी करा आणि एनसीचा नंबर लिहून ठेवा. तीन-चार एनसी जोडल्या की चॅप्टर केसचा अर्ज भक्कम होतो.