नागपूरच्या मे महिन्यात बाळाला ताप आला, तर तो उन्हाचा की मेंदूज्वराचा, हे कसं ओळखावं?

घरी खात्रीने ओळखता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात प्रत्येक ताप उन्हावर ढकलतात, तिथेच घात होतो. मोठ्या मुलाची मान आखडते, पण तान्ह्या बाळाची मऊच राहू शकते. तिथे फुगलेली टाळू, दूध न ओढणं, चिरकं रडणं, सुस्ती, झटके हे बघा. यातलं काही दिसलं तर कांद्याचा रस राहू द्या, रात्र असली तरी थेट मेडिकल, मेयो किंवा एम्स यापैकी एखादं मोठं सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढायचं म्हटलं तर अडवू नका. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते, आणि जंतू कोणता हे बहुधा त्या पाण्यातूनच कळतं. बरं झाल्यावर कान तपासून घ्याच, बहिरेपणा राहू शकतो. मेंदूज्वराच्या काही जंतूंपासून वाचवणारी पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि पीसीव्ही (न्यूमोकॉकस जंतूवरची) लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. पहिला डोस ६ आठवड्यांना.