वाचक विचारतात : ‘लो जीआय’ पेय आणि आईची शुगर

प्रश्न : आई ६४ वर्षांची, अंगाने किरकोळ, मधुमेह नऊ वर्षांपासून. भावाने परदेशातून मधुमेहींसाठीचं पोषक पेय पाठवलं आहे. डब्यावर ‘लो जीआय’ लिहिलंय, एका मापात २७ ग्रॅम कर्बोदकं. नाश्त्यानंतर ती ते कपभर दुधात घेते. दोन तासांनी शुगर २३० येते. डब्यावरची माहिती खोटी का?

उत्तर : खोटी असेलच असं नाही. जीआय (ग्लायसेमिक इंडेक्स, एखादा पदार्थ शुगर किती चढवतो त्याचा आकडा) हे गुणोत्तर आहे. साधारण दहा निरोगी माणसांना आधी ५० ग्रॅम ग्लुकोज देतात, दुसऱ्या दिवशी तेवढीच कर्बोदकं असलेलं पेय, आणि दोन तास ठरावीक अंतराने बोटातलं रक्त तपासतात. पेयाने वाढलेल्या शुगरला ग्लुकोजने वाढलेल्या शुगरने भागून १०० ने गुणलं की जीआय मिळतो. ५५ किंवा त्याखाली म्हणजे ‘लो’. आता एखाद्याची शुगर दोन्ही वेळा दीडपट चढली, तर भागाकार तोच राहतो. जीआय बदलत नाही, पण रक्तातली शुगर मात्र खरोखरच दीडपट वाढलेली असते.

जीआय तोच असूनही प्रत्यक्ष शुगर किती चढते, यात वंशानुसार फरक पडतो. सिडनीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सडपातळ, निरोगी तरुणांना पांढऱ्या ब्रेडमधून ७५ ग्रॅम कर्बोदकं दिली, तेव्हा आग्नेय आशियाई तरुणांची शुगर युरोपीय वंशाच्या तरुणांपेक्षा बरीच जास्त चढली. आपल्याकडे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेलं उदाहरण फार बोलकं आहे : त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३, चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणून ‘आई तर बारीक आहे’ यावर विसंबू नका.

तुमच्या बाबतीत मला मोठी चूक वेगळीच दिसते. पेय नाश्त्याऐवजी घ्यायचं की नाश्त्यावर? २७ ग्रॅम कर्बोदकं पेयाच्या मापातली, सुमारे १० ग्रॅम दुधातली, वर नाश्त्यातली. डब्यावरचे घटकही वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून बनवलेली पूड) वरच्या दोन-तीन नावांत असेल, तर ‘साखर घातलेली नाही’ या ओळीला अर्थ उरत नाही. ते ग्लुकोजइतक्याच वेगाने चढतं.

घरी तपासा. सकाळी हात साबणाने धुऊन पुसा (बोटाला फळाचा रस असला तरी आकडा फुगतो), बोटाच्या कडेला टोचा, उपाशीपोटीची नोंद करा. मग फक्त पेय, दहा मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटापासून ६० आणि १२० मिनिटांनी पुन्हा तपासा. दुसऱ्या दिवशी नेहमीचा नाश्ता, पेयाशिवाय. दोन्ही दिवसांची तपासणी एकदा तरी पुन्हा करा. ग्लुकोमीटरला १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य असते, त्यामुळे १७० आणि १८५ मधल्या फरकावरून काही ठरवू नका. पेयानंतर आकडा १८० च्या वर जात राहिला, तर अर्धं माप करून पाहा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू असेल, तर नाश्ता बंद करून पेय देण्याआधी डॉक्टरांशी बोला, शुगर एकदम उतरू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास त्यातल्या प्रथिनांबद्दलही विचारा.

प्रश्न : मग घरचं नाचणीसत्त्व चालेल?

उत्तर : सत्त्व काढताना कोंडा फडक्यातच राहतो, शिजवल्यावर पिष्ट फुगतं आणि पातळ असल्याने ते पोटातून लवकर पुढे सरकतं, म्हणून शुगर झटकन चढते. मधुमेह्याला न चाळलेल्या पिठाची भाकरी बरी. सत्त्व द्यायचंच असेल, तर एक चमचा, गूळ न घालता, आणि वर सांगितलेल्या पद्धतीने एकदा मोजून.