फुटलेला टायर दुकानदाराला परत देऊ नका

जुळे सोलापूरहून एका वाचकाचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. यांच्याकडे कारमागे ओढायची कॅराव्हॅन आहे, एका ॲक्सलची, दोन चाकांची, आरसीवर भरलेलं वजन १४०० किलो. खड्ड्यात आपटून डाव्या चाकाची डिस्क वाकली आणि टायरला साइडला फुगा आला म्हणून ती शहरातल्याच एका टायरच्या दुकानात नेली. दुकानदार म्हणाला तुमचा टायर मिळत नाही, हा सेम साइज आहे, बिनधास्त जावा, आणि दुसरी डिस्क व नवा टायर बसवून साडेनऊ हजार घेतले, यूपीआयने, बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद. पुढच्याच आठवड्यात घरचे सगळे रत्नागिरीला निघाले, मंगळवेढा सोडल्यावर तोच टायर फुटला आणि त्याच्या चिंध्यांनी चाकावरचा पत्रा, खालची फ्लोअर, पाण्याची पाइप सगळं फाडलं. कुणाला लागलं नाही हे महत्त्वाचं. दुरुस्तीचा अंदाज ६८ हजार. विमावाले फोनवर म्हणतात टायर कव्हर नाही. आणि दुकानदार म्हणतो फुटलेला टायर, डिस्क आणून द्या, नवा टायर फुकट देतो, फक्त "माझी काही तक्रार नाही" एवढं लिहून सही करा. या वाचकांना तीन गोष्टींची धाकधूक आहे: पक्कं बिल नाही, गाडी मेहुणे चालवत होते, आणि याआधी दोनदा ही कॅराव्हॅन ओळखीच्यांना पैसे घेऊन दिली होती.

दादा, पहिलं काम म्हणजे तो टायर आणि ती डिस्क दुकानात नेऊन देऊ नका. सही तर अजिबात करू नका. तुमची सगळी केस त्या फुटलेल्या रबरावर लिहिलेली आहे, अक्षरशः लिहिलेली आहे, आणि तो एकदा दुकानात जमा झाला की भंगारात जाणार आणि मग तुमच्या हातात काय राहतं, तर वहीचा एक कागद.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून बघितले. उजव्या चाकावर जो मूळचा टायर अजून आहे त्यावर छापलंय १८५ आर १४ सी, आणि पुढे १०२/१००. फुटलेल्यावर आहे १८५/७० आर १४, पुढे ८८ टी. दुकानदार सेम साइज म्हणाला ते १८५ आणि १४ बघून. पण शेवटचा जो आकडा असतो तो लोड इंडेक्स, म्हणजे तो एक टायर किती वजन पेलतो त्याचा कोड. १०२/१०० मधला पहिला आकडा एकेरी चाकाचा, तोच तुमचा: १०२ म्हणजे ८५० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. आता तुमची १४०० किलोची कॅराव्हॅन, त्यातलं पाऊणशे किलो कारच्या हुकवर गेलं असं धरलं तरी १३२५ उरतात, दोन चाकांवर वाटले की एकेका चाकावर साडेसहाशेच्या वर. पाचशे साठवाल्या टायरवर साडेसहाशे, आणि तेही सोलापूरच्या उन्हात तापलेल्या डांबरावर तासन्‌तास! तो टायर साध्या छोट्या कारचा आहे, तिथे तो उत्तम चालतो, कंपनीचा यात दोष दिसत नाही. दोष चुकीच्या जागी बसवण्याचा आहे. शिवाय १८५/७० मधल्या त्या सत्तरमुळे (टायरच्या साइडची उंची रुंदीच्या किती टक्के ते) टायरची उंची कमी होते, मूळ टायरपेक्षा त्याचा व्यास साधारण साडेतीन सेंटिमीटर कमी भरतो, म्हणजे तुमची कॅराव्हॅन त्या दिवसापासून डावीकडे कलूनच चालत होती. दोन्ही चाकांची उंची टेपने मोजून फोटो काढा, टेपचा आकडा दिसला पाहिजे.

म्हणून टायर, डिस्क, नट, वालसकट सगळं एका पोत्यात घालून घरात ठेवा. टायरवरचे सगळे आकडे जवळून फोटोत घ्या, विशेषतः तो चार आकडी तारखेचा कोड, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नवा म्हणून जुना माल दिलाय का ते त्यावरून कळतं. उजव्या चाकावरचा जुना टायरही टाकू नका, तुलनेसाठी तोच लागणार आहे. टायर कंपनीचा इंजिनिअर बघायला आला तर बघू द्या, पण तुमच्या समोर, आणि न्यायचाच म्हणाला तर नंबर लिहिलेली पोच घेतल्याशिवाय देऊ नका.

दुकानदार पुढे काय म्हणणार तेही आताच सांगतो, म्हणजे तयारी राहील. तो म्हणणार तुम्ही ओव्हरलोड केलंत. याला उत्तर तोंडाने देता येत नाही, वजनकाट्यावर द्यायचं असतं. प्रवासात होतं तेवढंच सामान आणि पाण्याच्या टाकीत तेवढंच पाणी भरा (कॅराव्हॅन अशी ओढायच्या लायकीची झाल्यावर, आत्ता नाही) आणि काट्यावर नेऊन पावती घ्या. १४०० च्या आत आलं तर त्याचं म्हणणं संपलं. वर आलं तर खरं सांगतो, थोडा दोष तुमच्याकडे येईल आणि भरपाई कमी होऊ शकते, पण ५६० चा टायर तिथे १४०० लासुद्धा चालत नव्हता, त्यामुळे केस बुडत नाही.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तुमचं प्रकरण सरळ बसतं. दुकानदाराने नुसता माल विकला नाही, कोणता टायर चालेल हे सांगितलं आणि स्वतः बसवला, म्हणजे सेवा दिली, आणि ती सेवा सदोष आहे. त्याच कायद्यात उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष मालामुळे किंवा सेवेमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ पासून ८७ पर्यंत, त्यातलं ८५ सेवा देणाऱ्याच्या जबाबदारीचं. तिथे एक बारकावा आहे जो लोक विसरतात: या प्रकरणाखाली "हानी" मागताना खुद्द त्या मालाचं नुकसान धरत नाहीत, त्यामुळे झालेलं इतर मालमत्तेचं नुकसान धरतात. म्हणून तक्रारीत दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा. टायर आणि डिस्कचे साडेनऊ हजार सदोष सेवेखाली, आणि फ्लोअर, पत्रा, पाइपचे ६८ हजार हानी म्हणून. गाडी ओढून आणायचा खर्च, त्या रात्री राहावं लागलं त्याचा खर्च पावत्या असतील तेवढाच घाला. मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे लिहू नका, त्याने तक्रार हलकी होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम ९५ टायरच्या साइज आणि प्लाय रेटिंगबद्दलच (टायर किती मजबूत ते सांगणारा आकडा) आहे, तो पण उल्लेखात ठेवा.

पक्कं बिल नाही याची तुम्ही उगाच भीती घेतलीय. बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) मध्ये स्पष्ट लिहिलंय, म्हणजे बिल नाही हा तुमचा नाही त्याचा दोष, तुमच्या तक्रारीतला एक जास्तीचा मुद्दा. यूपीआयची एंट्री आहे, तारीख वेळ रक्कम सगळं आहे. व्हॉट्सॲपवर त्याने "टायर घेऊन या, बदलून देतो" असं लिहिलंय म्हणता, त्या मेसेजवरून टायर त्यानेच दिला हे तो स्वतःच कबूल करतोय. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, आणि प्रिंट दाखल करताना सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ (पुराव्याचा कायदा) च्या कलम ६३ चं, फोनसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम कोर्टाइतके कडक लावत नाहीत, तरी समोरच्या वकिलाला तोंड उघडायला जागा कशाला द्यायची.

मेहुणे चालवत होते याने ग्राहक तक्रारीत काही बिघडत नाही. विमावाले मात्र लायसन्सवर बोट ठेवतील की ट्रेलरचं लायसन्स कुठाय. नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या २००१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ट्रॅक्टरच्या बाबतीत सांगितलंय की वाहन चालवायचं वैध लायसन्स असेल तर मागे ट्रेलर जोडला म्हणून ते लायसन्स निरुपयोगी होत नाही. मेहुण्यांचं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स चालू असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेवा.

भाड्याने दिल्याचं मात्र मला थोडं लागलं, आणि तुम्ही स्वतःहून सांगितलंत हे फार बरं केलंत. खासगी नोंदणीची गाडी पैसे घेऊन देणं परमिटच्या दृष्टीने चूक आहे आणि विम्यातल्या वापराच्या अटीत पण बसत नाही, पुन्हा देऊ नका. समोरचा म्हणेल हे व्यापारी कारणासाठी वापरतात म्हणून हे ग्राहकच नाहीत. पण कायदा मुख्य हेतू काय ते बघतो. तुम्ही घरच्यांना फिरायला म्हणून घेतलीत, अपघाताच्या वेळी गाडीत घरचेच होते, चाकसुद्धा घरच्या ट्रिपसाठीच बदललंत. तेवढं टिकायला हरकत नाही. फक्त प्रतिज्ञापत्रात "कधीही भाड्याने दिली नाही" असं वाक्य कुणी घालून दिलं तर खोडा. खोटं एक वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही आयोग विश्वास ठेवत नाही, हे मी बघितलेलं आहे आणि वाईट वाटतं ते बघताना.

विम्याकडे वळू. आधी पॉलिसीत कॅराव्हॅनचा नंबर आहे का बघा, नुसत्या कारच्या पॉलिसीत ट्रेलर आपोआप येत नाही. असेल तर त्यातली ओळ नीट वाचा: टायर-ट्यूबचं नुकसान कव्हर नाही, पण त्याच वेळी वाहनाचंही नुकसान झालं असेल तर टायर बदलायच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत देय. तुमचं तर फ्लोअर फाटलंय. म्हणजे "टायर कव्हर नाही" हे फोनवरचं उत्तर अर्धवट आहे. ते मेकॅनिकल ब्रेकडाउनचा (यांत्रिक बिघाड कव्हर नाही असा) अपवाद काढतील, चुकीचा टायर होता असंही म्हणतील, म्हणू द्या, पण लेखी आणि पॉलिसीच्या कलमाचा नंबर घालून म्हणू द्या. विम्याचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येऊन बघेपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. लेखी नकार आला, किंवा तुमच्या लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तरच नाही आलं, तर विमा लोकपालाकडे जा, सोलापूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, फी नाही, वकील लागत नाही, नकारानंतर एक वर्षाची मुदत. तोच वाद एकाच वेळी ग्राहक आयोगात आणि लोकपालाकडे चालत नाही, म्हणून विम्याचं भांडण तिकडे आणि दुकानदाराचं इकडे असं वेगळं ठेवा. विम्याने जेवढं दिलं तेवढं दुकानदाराकडच्या मागणीतून वजा करायचं, एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत.

आणि सही का नको म्हणालो त्याचं दुसरं कारण इथेच आहे. विमा कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करायचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तुम्ही आधीच दुकानदाराला माफ करून बसलात तर कंपनी म्हणणार आमचा हक्क तुम्हीच मारला, आणि एका फुकट टायरपायी तुम्ही दोन्हीकडचं घालवाल.

दुकानदाराला आता एक नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, १५ दिवसांची मुदत देऊन. नोटीस सक्तीची नाही पण बरेच लोक तिथेच भानावर येतात. त्यानंतर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही सोलापुरात राहता, दुकान सोलापुरात, म्हणजे हद्दीचा प्रश्नच नाही. तुम्ही दुकानाला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे म्हणून फी शून्य, फी भरपाईच्या आकड्यावर नाही, मोबदल्यावर ठरते. ऑनलाइनही दाखल होते, आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून बघायलाही हरकत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, ते धरून चाला. टायर लॅबला पाठवायची वेळ आली तर आयोगच सील करून पाठवतो, म्हणून तर तो तुमच्या ताब्यात पाहिजे. मध्ये मध्यस्थीचा पर्याय येईल. दुकानदार ओळखीचा आहे म्हणता, मग तिथे बसून मिटवा, पण रक्कम हातात आल्यावर सही, आधी नाही, आणि विमा कंपनीला कळवून.

आता नवीन चाक घालाल त्याबद्दल, कारण ही चूक पुन्हा होऊ नये असं मला मनापासून वाटतं, मागच्या वेळी नशीब चांगलं होतं. दोन्ही टायर एकाच साइजचे, एकाच लोडचे आणि ताज्या तारखेचे घ्या, उजवा पण बदला, कॅराव्हॅन महिनोन्‌महिने उन्हात उभी असते, नक्षी शाबूत दिसते आणि साइडला तडे गेलेले असतात. डिस्क घेताना नटांची भोकं जुळली म्हणजे झालं असं नाही, मधलं भोक, आत-बाहेरचा ऑफसेट आणि डिस्क किती वजनाची आहे ते बघायला सांगा, नटाची बैठक निमुळती आहे की गोल तेही, चुकीचा नट घट्ट वाटतो आणि वाटेत सैल होतो. चाक बदलताना कॅराव्हॅन कारला जोडलेली, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या चाकाला ओट (घरंगळू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावलेली, आणि जॅक ॲक्सलखालच्या नेमलेल्या जागी, फ्लोअरला कधीच नाही. नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळायला लावा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. हवा कॅराव्हॅनच्या प्लेटवर लिहिली असेल तेवढीच. आणि बिलावर टायरचा पूर्ण नंबर लोड इंडेक्ससकट, तारखेचा कोड आणि तुमच्या कॅराव्हॅनचा नंबर लिहून घ्या, दुकानदार लिहायला नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

नोटिशीचा मसुदा तुम्ही करा आणि मला दाखवा, सोबत आरसी, पॉलिसी, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही टायरचे फोटो पाठवा. वजनकाट्याची पावती नंतर आली तरी चालेल.